वितोव्स्का

तिठ्यावरच्या खांबाला आयव्हीची फांदी लटकली
म्हणजे स्तानिस्लावाने तळघर उघडलं.
आठ-दहा दिवस, फांदी वाळेपर्यंत.
मग दार बंद, आणि आम्ही दुकानातल्या बाटल्यांच्या हवाली.

टपालाची गाडी मी भिंतीच्या आडोशाला लावली.
बुर्या सुटली होती.
इथे हा वारा वाहत नाही, सुटतो,
दावं तोडून जनावर सुटावं तसा.
छपरांवर धोंडे ठेवलेले.

आत बाकं, उकडलेली अंडी, हॅमचे पातळ काप,
आणि कोपऱ्यात झोर्को,
चाळीस वर्षं पंचक्रोशीतली पिंपं चाखणारा.
त्याने मान हलवल्याशिवाय कुणी बाटल्या भरत नसे.

जानेवारीत तापाने पडला
आणि उठला तो नाक गमावून.
कॉफी म्हणजे नुसतं गरम पाणी, म्हणाला मला फाटकापाशी,
पेन्शनच्या कागदावर सही करता करता.
बायकोच्या उशीलाही वास नाही रे,
आठ दिवस परक्याच्या घरी झोपल्यासारखा झोपलो.

स्तानिस्लावाने न विचारता त्याच्यापुढे पेला ठेवला.
"कशाला वाया घालवतेस?"
"वितोव्स्का आहे," ती म्हणाली. एवढंच.

वितोव्स्का काही नावाजलेलं द्राक्ष नाही.
या पठारापलीकडे तिला फारसं कुणी विचारत नाही.
लाल माती वीतभर, खाली चुनखडी.
नद्यासुद्धा इथे जमिनीखालून वाहतात,
मुळं फटी चाचपत त्यांच्या अंदाजाने जातात.
गंध बेताचा. पेअरची साल, झोर्कोच सांगायचा,
आणि चुरडलेलं सेजचं पान,
तेही विचारलं तरच उत्तर देणारं.
शहरातले लोक पेला फिरवतात, फिरवतात,
आणि दुसरं काही मागवतात.

त्याने सवयीने पेला नाकाशी नेला, थबकला,
आणि ओशाळून सरळ ओठांना लावला.

मीही माझा उचलला.
आधी फक्त थंड,
तळघराच्या पायरीवर बसल्यावर लागते तेवढी.
मग आंबट, चोरून तोडलेल्या हिरव्या सफरचंदासारखं,
जिभेच्या कडांनी चढत
थेट कानाखाली, जबड्याच्या बिजागरीत.
दोन्ही गालांना पाझर फुटले.
मागून मीठ, नखाच्या टोकावर मावेल इतकं.
समुद्र इथून नुसता दिसतो.
आणि शेवटी दगड.
दगड मी कधी खाल्लेला नाही,
पण लहानपणी बांध रचताना, हात मोकळे नव्हते म्हणून
एक ओली कपची दातांत धरली होती.
ती.

झोर्कोचा गाल आत ओढला गेला.
कानाखालची शीर हलली.
बाकावरचे अंडी सोलायचे थांबले.

"कापते," तो म्हणाला.
मग, "खारट आहे."
मग आणखी एक घोट, आणि बराच वेळ काहीच नाही.
बुर्या दार ढकलत राहिली.

"दुसऱ्या पिंपातली?"
स्तानिस्लावाने मान डोलावली.
"तुझ्या भावाने काढणीला दोन दिवस घाई केली."

मेतोद म्हणाला, केलीच की, ढग आले होते म्हणून,
आणि पाऊस तर शेवटी आलाच नाही.
बोलणं पावसावर गेलं,
पावसावरून कुणाच्या तरी ट्रॅक्टरवर.
स्तानिस्लावा पाठ करून
फडक्याने तोच तो पेला पुसत होती.

मी निघालो तेव्हा त्याने बाही धरली.
हळूच विचारलं, "पेअरची साल आहे का रे अजून तिच्यात?"
"आहे," मी म्हणालो.

मला लागली नव्हती.
कधीच लागलेली नाही, या चाळीस वर्षांत.

उरलेली पत्रं वाटली. सीमेजवळची दोन घरं बंद होती.
दात आंबलेलेच होते,
आणि मी गाडी चालवताना
त्यांच्या धारेवरून जीभ फिरवत राहिलो.