फांद्यांची मोजणी

नोव्हेंबर संपता संपता ट्रोम्सोमधला सूर्य रजेवर जातो.
दुपारी दोनला दिवा लावून सोलरुन
अहवाल वाचते. लस, तारीख, लक्षण.

आज ओडवार. मासळीच्या कारखान्यात, वय एकावन्न.
टोचल्यानंतर अकराव्या दिवशी
ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून कॉफी सांडली.
आरशात अर्धा चेहरा त्याचा,
अर्धा खुंटीला टांगलेल्या कोटासारखा.
फॉर्मच्या तळाशी, समासात, पेन्सिलीनं लिहिलंय:
‘शीळ घालता येत नाही.
कुत्री येत नाही.’

कावळा बसायला आणि फांदी तुटायला,
असं म्हणून आपण मोकळे होतो.
सोलरुनला तशी मुभा नाही.
तिला पगारच मिळतो फांद्या मोजण्याचा:
कावळा न बसताही दरसाल किती तुटतात,
किती कावळे बसून निवांत उडून गेले,
आणि यंदा, एवढ्याच दिवसांत,
एखादी जास्त तुटली का.

ती फोन लावते.
डोळा पूर्ण मिटतो का? कानामागे दुखलं होतं?
उन्हाळ्यात गोचीड चावली होती?
तो सांगत राहतो. प आणि ब
त्याच्या ओठांत फुटत नाहीत, नुसते निसटतात.
मग म्हणतो, ‘मुलीची पाळी गुरुवारी आहे.
टोचून घेऊ दे का तिला?’

हा प्रश्न कुठल्याच रकान्यात बसत नाही.
सोलरुन माहीत आहे ते सांगते.
माहीत नाही तेही सांगते, याला जास्त वेळ लागतो.
पलीकडे कुणीतरी बर्फ फावड्यानं ओढतंय.
‘बरं,’ तो म्हणतो. ‘पण माझं लिहून ठेवलंत ना?’

निश्चित. बहुधा. शक्य. असंभव.
ती ‘शक्य’वर खूण करते.
किलकिल्या दाराचा शब्द;
थंडी आत येते, तरी लोटून घ्यायचं नाही.

जानेवारीत सूर्य डोंगरावरून नाक काढतो, लगेच आत घेतो.
त्याच दिवशी फोनच्या यंत्रावर एक निरोप.
शब्द नाहीत. हवा. पुन्हा हवा.
मग तिच्यात सुईएवढी शीळ,
आणि लाकडी जमिनीवर काहीतरी खरखरतं,
नखं असतील, खुर्चीही असेल.

ती तीनदा ऐकते.
परिणाम: सुधारणा होत आहे, असं भरते.
वरचं ‘शक्य’ तसंच राहू देते,
आणि पुढचा अहवाल उघडते:
हामरफेस्ट, वय चौतीस,
पाय झोपल्यासारखे वाटतात.