आरसा वर जातो तेव्हा

जुन्या कॅमेऱ्यावर तीन चित्रं होती:
सूर्य, ढग आणि एक घर.
ऊन असेल तर सूर्य, नसेल तर ढग,
घराचा अर्थ मला अकरा वर्षांत कळला नाही.
शेजारच्या तारवट्यानं बोटीवरून आणलेला,
त्याच्या बायकोला नको होता, मला तीनशेला दिला.
कुठल्याशा फटीतून आत उजेड गळायचा.
माझ्या प्रत्येक फोटोत, उजव्या कोपऱ्यात, तांबूस डाग:
नणंदेच्या लग्नात भटजींच्या कानावर,
शिगम्याला एका ढोलावर,
चोडणच्या मानशीवर, जिथे भरतीचं पाणी दार ढकलतं तिथे.
लोक डाग बघून ओळखायचे,
हा तुझाच.

पास्कोलचं दुकान पणजीत, पोस्टामागच्या गल्लीत.
एका डोळ्यात मोतीबिंदू, नेमका फोकसच्या.
म्हणून विकायला काढलेला.
हातात घेतला तर मासे तोलायच्या वजनासारखा:
थंड, जड, खोटं न बोलणारा.
साडेचार हजार, तीन हप्ते, पट्टा फुकट.
"पयलीं उजवाड पळय, बाय, मागीर बोट दाम."
घरी सांगितलं, दुरुस्तीला दिलेला जुनाच परत आला,
जरा जाड होऊन.

आता सगळं मलाच ठरवायचं,
किती उजेड घ्यायचा, किती वेळ.
आत एक काटा, सारखा थरथरणारा.
मधोमध एक गोल, त्यात माणूस दोन तुकड्यांत,
कपाळ इकडे, हनुवटी तिकडे,
कडं फिरवत न्यायचं, मग जुळतो.
पहिल्या दिवशी पोदेर जुळेपर्यंत
पाव देऊन पुढच्या वाड्यावर गेला,
मागे राहिलं त्याचं पोंपों,
त्याचा फोटो येत नाही.
सासूबाई जुळल्या,
पण तोवर कंटाळल्या होत्या.

पहिल्या छत्तीसांतले बारा पांढरेफटक, नऊ काळोखे,
उरलेल्या सगळ्यांत
माणसं माझी वाट बघताहेत.

दोन आठवडे मी पर्समध्ये पुन्हा जुनाच ठेवला.
पंचायतीत घरपट्टीच्या पावत्या फाडल्या.
कुणाला काही बोलले नाही.

मग एका सोमवारी, नवाच्या फेरीला, नवा घेऊन.
रायबंदरचा धक्का जवळ आला,
स्कूटरी आधीच सुरू झालेल्या, धूर,
पाटीवरचं प्लास्टिक एका कोळणीनं हातानं दाबून धरलेलं,
आणि शाबलो दोर फेकायला उभा.
रोज फेकतो. रोज बघते.
काटा मध्यावर होता.
सेकंदाचा हजारावा भाग, म्हणजे किती, मला माहीत नाही.
बोट दाबलं
आणि काळोख.

जुन्यात असं नव्हतं.
त्याची खिडकी बाजूला होती, फोटो निघताना मी बघत असायचे.
ह्यात आरसा वर जातो,
आणि जो क्षण आत जातो
तेवढाच एक मला दिसत नाही.
पास्कोलला विचारलं, बिघाड आहे का?
हसला नाही तो.
"ना गो. एका वेळार एकल्यानूच पळोवचें."

आठ दिवसांनी पाकीट उघडलं.
दोर हवेत, सुटा,
पीळ मोजता येतील इतका थांबलेला,
त्याच्याखाली नदीचे तीन थेंब, अजून पडायचे,
आणि शाबलोच्या डाव्या हाताला
चार बोटं.
इतकी वर्षं ह्याच फेरीनं जाते.
मला माहीत नव्हतं.
उजव्या कोपऱ्यात नुसती मांडवी,
तिच्यावर काहीच नाही.
हाताकडे बघवेना म्हणून
मी त्या कोपऱ्याकडेच बघत राहिले.

फोटो त्याला नेऊन दिला.
त्यानं डावा हात खिशात घातला,
मग काढला, त्याच हातानं फोटो धरला,
उन्हाकडे तिरपा केला.

"दोर बरो आयला," म्हणाला.