वर्णनाप्रमाणे

चार फोटो काढले खुर्चीचे.
एक समोरून, एक पाठ मागे कलवून,
एक त्या दांडीचा, जी ओढली की पाय वर येतात,
आणि चौथा डाव्या हातावरच्या डागाचा.
तो नको दाखवूस, नवरा म्हणाला, कोण घेईल?
मी दाखवला. खाली लिहिलंही :
हळदीचा आहे. जात नाही.

अप्पा सहा महिने बसले होते हिच्यात.
काळा डबा, निळा डबा, तपकिरी डबा,
कुठल्या मंगळवारी कचऱ्याची गाडी कुठला उचलते
हे हल शहराच्या आमच्या या गल्लीत
फक्त त्यांनाच पाठ.
हळद-दूध इथेच, सांडणंही इथेच.
मार्चमध्ये ते सांगलीला परतले
आणि खुर्ची हॉलमध्ये अशी पसरून राहिली
की तिला वळसा घातल्याशिवाय
टीव्हीपर्यंत पोचता येईना.

साठ पौंड, लिहिलं.
पहिल्या तासात अकरा जणांनी विचारलं, अजून आहे का?
आहे, म्हटलं.
मग अकराही गप्प,
जणू तेवढीच खात्री करून घ्यायची होती
की जगात ती खुर्ची आहे.

कुणी डोना : वीसला सोड, आत्ता रोख देते.
कुणी बदल्यात सरडा देऊ केला, काचपेटीसकट.
एक जण शनिवारी दहाला नक्की येतो म्हणाला,
मी पोहे उरकून, केस विंचरून दारात.
साडेबाराला त्याचा अंगठा आला.
नुसता, पिवळा अंगठा.

अप्पा हळदीच्या पेठेत अडते होते.
रुमालाखाली हात, हातात हात,
बोटं दाबून भाव.
तोंडातून अवाक्षर नाही,
पण समोरच्याचा तळवा ओलावला की कळायचं,
याच्यात अजून जागा आहे.
या अंगठ्याला घामच येत नाही.

रविवारी ट्रेव्हर ऑक्स्टबी आले.
जावयाची व्हॅन रस्त्यात उभी, इंजिन चालू.
टेप काढून त्यांनी खुर्ची मोजली, मग दार मोजलं,
मग पुन्हा खुर्ची,
मधल्या वेळात वाढली असेल म्हणून.
डागाशी वाकले, हुंगला.
बसून बघू का?
दांडी ओढली. पाय वर आले.
आणि ते झोपले.

झोपले म्हणजे घोरू लागले.
व्हॅनने दोनदा हॉर्न दिला.
उठव त्यांना, नवरा कुजबुजला.
गिऱ्हाईक आहे, मी म्हटलं.
चहा टाकला, निवला, पुन्हा टाकला.
वीस मिनिटं आम्ही दोघं
आपल्याच घरात चवड्यांवर चालत होतो.

उठले ते ओशाळून.
चाळीस वर्षं गोदीत रात्रपाळी,
झोप अजून दिवसाच येते, म्हणाले,
आणि त्याच दमात : पंचावन्न?

मी हात पुढे केला.
त्यांना वाटलं, ठरलं. त्यांनी मिळवला.
रुमाल नव्हता माझ्याकडे.
मी त्यांच्या तीन बोटांवर
जरासा, अगदी जरासा दाब दिला,
आणि सोडला नाही.
ते माझ्याकडे पाहत राहिले.
बरं, अठ्ठावन्न, म्हणाले.

रात्री पाच तारे आले.
वर्णनाप्रमाणे. चहा उत्तम.

अप्पांना फोन केला.
कितीला गेली?
अठ्ठावन्न.
पलीकडे हिशेब चालू असल्याची शांतता.
तपासून घेतली का त्यानं?
तपासता तपासता झोपला, अप्पा. वीस मिनिटं.
झोपला?
अगं, मग साठाच्या खाली
उतरायचं कारणच काय होतं?