मऊ कुंचला

उंदराला जागं ठेवायचं तर
धक्का द्यायचा नाही, आवाज करायचा नाही.
जलरंगाचा दोन नंबरचा कुंचला घ्यायचा
आणि डोळा लागतोय असं दिसलं
की पाठीवरून नुसता फिरवायचा.
नियमावलीत याचं नाव सौम्य हाताळणी.

उंदराची झोप दिवसाची.
तार्तूत जूनमध्ये चारलाच उजाडतं;
सातला मी येते, स्टूल ओढते.
पिंजरा सतरा. पाचवा दिवस.
तो कोपऱ्यात अंगाचं मुटकुळं करतो,
मान कलते,
मी कुंचला उचलते.
तो चावत नाही. एकदाही नाही.
चावला असता तर बरं झालं असतं.

नंतर उरते काचपट्टी.
निवांत झोपलेल्यांच्या मेंदूत
राखणदार पेशी बारीक फांद्या पसरून
आपापलं अंगण चाचपत असतात.
जागवलेल्यांच्या मेंदूत त्याच पेशी
फांद्या आखडून, अंग फुगवून बसलेल्या,
भांडणाआधी माणूस कोपरं आवळतो तशा.
शत्रू कुणीच आलेला नाही,
तरी दवंडी पिटून झाली आहे.
कागदावर आम्ही त्याला दाह म्हणतो.
काचेखाली काही जळताना दिसत नाही.
आणि शेजारच्या, चांदणीच्या आकाराच्या,
ज्यांनी फक्त केर काढायचा,
त्या केराबरोबर उंबरठेही खरवडू लागल्यात,
जिथे उभं राहून एक पेशी
दुसरीला काही सांगते, ते उंबरठे.

बाबा आन्नेलिन्नच्या बॉयलरघरात होता,
एकतीस वर्षं, रात्रपाळी.
सकाळी यायचा कोळशाचा वास घेऊन,
आई खिडकीला घोंगडी लावायची
आणि आम्ही पायमोज्यांवर चालायचो.
मी सात वर्षांची होते. मला रंगपेटी मिळाली होती.
घोंगडीच्या अंधारात जाऊन
मी कोरडा कुंचला त्याच्या कपाळावर फिरवायची,
भुवईवरून, नाकावरून,
बाबा, घोडा काढलाय, बघ ना.
तो डोळे उघडायचा.
घोडा उलटा धरून म्हणायचा, छान.
एकदाही ओरडला नाही.

आता तो मला हिल्या म्हणतो.
हिल्या त्याची बहीण, केव्हाच गेली.
डॉक्टर म्हणाले, कारणं अनेक असतात, लेहते,
आणि उंदीर म्हणजे माणूस नव्हे.
मला हे कुणी सांगायला नको,
अहवालाच्या शेवटी ते वाक्य मीच टाइप करते.
रविवारी तो खुर्चीत डुलकी घेत होता.
नर्स चहा घेऊन आली,
मी दारातच तिला हाताने थांबवलं.
चहा निवला. निवू दे.

आज पिंजरा सतराच्या तक्त्यात
एक रकाना कोरा आहे.
दहा वाजून चार ते सव्वादहा.
शेरा: कुंचला ओला होता.