वरची फळी

गॅसचं टेबल आता माझ्या गुडघ्याइतकं.
बाबल मेस्त्रीने त्याचे पाय कापले, म्हणाला,
"तुज्यापेक्षा हेचे कापूक सोपे."

शिरोड्याच्या मिठागरात तीस वर्षं
घोटाभर पाण्यात उभा होतो मी.
आता पाच मिनिटांत पायांना मुंग्या.
डॉक्टरीणबाई म्हणते, मीठ दिवसाला अर्धा चमचा.
शालन कामाला जाताना तेवढं
तपकिरीच्या जुन्या डबीत काढून जाते.

त्यातलं बहुतेक मी पेजेला ठेवतो.
पेजेशी खोटं बोलता येत नाही.

बांगड्याचं तिखलं मात्र फसतं.
विळीवर खोबरं खवतो
(हे काम मुळातच बसून करायचं),
पार्वतीवहिनीने माझ्यासाठी वेगळी वाळवलेली
बिनमिठाची सोलं,
आणि तिरफळं, बी काढून, ठेचून.
एक चाखलं की जीभ
झोपलेल्या पायासारखी झिणझिणते.
तेवढ्यात मीठ विसरायला होतं.

रात्री शालन भात कालवते.
एकदा वर बघते, फळीवरच्या बरणीकडे.
मी सांगून ठेवलीय तिथे,
उभं राहिल्याशिवाय हात पोचू नये म्हणून.

ती उठत नाही.
कालवण अजून वाढ म्हणते,
आणि काटे ताटाच्या कडेला लावत राहते.