कोणता

धंतोलीच्या तळघरात अठरा अंश.
वर मे महिना, डांबर चपलेला चिकटतंय.
यमुनाबाई सोनकुसरे, अठ्ठावन्न, राहणार तांडापेठ,
शाल मागतात आणि स्वतःच हसतात,
"मे महिन्यात शाल मांगून राह्यली मी, नागपुरात!"

जोडवी निघत नाहीत.
साबण झाला, तेल झालं.
मग त्यांनीच बोटाला दोरा गुंडाळला
आणि एका झटक्यात सोडवली.
चाळीस वर्षं मागावर गेलेली बोटं.

फाइल जाड आहे.
दमा. मग रक्त कमी. मग वय. मग टेन्शन.
मग कुणीतरी एकदा इको केला:
फुफ्फुसाच्या रोहिणीत दाब जास्त.
किती, ते लिहिलं. कोणता, ते नाही.
डाव्या हृदयानं मागे लोटलेला,
की जुन्या गुठळ्यांनी अडवलेला,
की नळ्यांनीच स्वतःला आवळून घेतलेलं?
एकाला तारणारी गोळी दुसऱ्याला बुडवू शकते.

"पोराच्या सर्टिफिकेटले चौदा वर्सं लागले जी,
जात पडताळता पडताळता.
ह्या दम्याची जात तं लवकर सांगा."

मशीन ठोकायला लागतं.
काचेपलीकडून मी माइकवर:
श्वास घ्या. सोडा. थांबा.
जिना चढताना जिला श्वास पुरत नाही
तिच्याकडेच पंधरा-पंधरा सेकंद उसने मागायचे.
अकराव्या वेळी नवव्या सेकंदाला त्या सोडून देतात.
चित्र हलतं.
पुन्हा घेऊ, मी म्हणते.

डावा कप्पा गोल हवा, पेल्याच्या तोंडासारखा.
उजवा फुगलाय, मधली भिंत रेटत
शेजाऱ्यानं बांधकाम वाढवावं तसा,
आणि गोलाची एक बाजू सपाट.
डावीकडचा वरचा कप्पा मात्र लहान, निमूट.
लोटणारा तो नव्हे.
औषध सोडल्यावर भिंतीच्या दोन्ही सांध्यांवर
पांढुरकं काही, उसवलेल्या शिवणीसारखं.

एवढं मला दिसतं.
सांगायचं डॉक्टर चिंचमलातपुऱ्यांनी, सोमवारी,
आणि तेही आधी नळी घालून दाब मोजतील.

"सापडली का?"
रिपोर्टमध्ये येईल, मी म्हणते.
"माग असाच ठोकते. धागा तुटला का
आवाज बदलते. मले आयकू आलं."
काय ऐकू आलं, मी विचारत नाही.
कागदातली जोडवी हातात देते.
त्या घालत नाहीत, पदराच्या टोकाला बांधतात,
लिफ्टकडे बघतात. ती वरच अडकलेली.
मग जिन्याकडे.

थांबा, मी म्हणते, माइकशिवाय,
आणि खुर्ची आणायला जाते.