पुसणं

रात्री पावणेदोनला, मंगफच्या चौथ्या ब्लॉकात,
एसीची घरघर, लिजीचं घोरणं,
खिडकीच्या कोपऱ्यात अहमदीच्या रिफायनरीची ज्योत,
रोजच्यासारखी, कुणासाठी म्हणून नाही.
पांघरुणात फोन धरून
मी तुझा नंबर टाकला, हेरंब.
तुझ्या घरी सगळे तुला लाडाने हेर म्हणतात.
त्या रात्री हेर मी होते.

"जोडीदार कुठे कुठे डोकावतो ते पाहा.
संपूर्ण मोफत. त्याला कळणारही नाही."

तू जुबेलला, क्रेनवर.
साखरपुड्याला सात महिने झालेले.
त्यातल्या शेवटच्या दोन महिन्यांत
तू किती वेळा "बोलतो नंतर" म्हणालास
ते मी मोजलं होतं.
मोजायची सवयच आहे मला,
दिवसभर फार्मसीत गोळ्या मोजते.

त्याने आधी ईमेल मागितला. दिला.
फोटो मागितला, "खात्रीसाठी". दिला,
तोच, अबोली साडीतला, तुला पाठवलेला.
मग फोनमधली माणसं मागितली.
ती तर एका बोटाने दिली सगळी:
आबलोलीचा मामा, फाहाहीलची शिंपीण,
दुकानाचा मालक अबू तलाल,
ती डॉक्टर, जिच्याकडे मी एकदाच गेले होते
आणि कुणाला सांगितलं नव्हतं,
आणि बाबा.
बाबांचा नंबर तीन वर्षं बंद आहे.
पुसवत नाही.
मग राहण्याचं ठिकाण.
मग सिव्हिल आयडीचे शेवटचे चार आकडे.
दर वेळी हिरवं बटण, "मान्य",
आणि मी मान्य.

बदल्यात एक धूसर चेहरा मिळाला.
जुळण्याची शक्यता एकसष्ट टक्के.
एवढ्या धुक्यात कुठलाही दाढीवाला तूच असतोस.
नीट दिसायला हवा तर पाच मैत्रिणींना पाठवा, म्हणे.
पाठवलं नाही. तेवढी तरी अक्कल आहे आपल्याला,
असं स्वतःला सांगून झोपले.
म्हणजे पडून राहिले.
सकाळी ॲप पुसलं.

नवव्या दिवशी एक अनोळखी माणूस
ईमेलमधल्या माझ्या टोपणनावाने हाक मारत
पन्नास दिनार मागत होता.
नाहीतर अबोली साडी अबू तलालकडे जाईल,
खाली लिहून: ही पुरुष शोधते.

त्याच दुपारी मामा.
"अगो, तुझ्या नावाने कसलं आमंत्रण आलंय?
एकट्या लोकांना भेटा म्हणून?
मामीने बघायच्या आत पुसून टाकलं."
मी कागदी कप हातात धरून उभी,
डोक्यात एकच:
बाबांच्या नंबरावरही गेलं असेल का ते?

आणि रात्री तू.
"मला मेसेज आलाय," म्हणालास.
"मंगफ भागातून कुणीतरी तुम्हाला शोधतंय.
कोण ते पाहा, मोफत."
थांबलास.
"मंगफमध्ये मी एकीलाच ओळखतो."

रागावला असतास तर सोपं गेलं असतं.
केबिनच्या फटीतून वारा शिट्ट्या घालत होता.
मग तुमच्याकडचा तो शब्द आला, सावकाश:
"मला पुसायचंस ना."

पुसायचंस.
ॲप मी पुसलं, त्याने मला पुसलं नाही.
मेलेल्या माणसाचा नंबर पुसवला नाही.
आणि पुसायचं होतं ज्याला,
जो एका फोनच्या अंतरावर होता,
त्याला सोडून
मी अख्ख्या जगाला पुसत बसले.

मग पुसलं.
तू उत्तर दिलंस. पूर्ण. मध्ये दोनदा पाणी प्यायलास.

काय दिलंस ते इथे लिहिणार नाही.
दुकानात कुणी चिठ्ठी सरकवून
खालच्या आवाजात औषध मागतं,
तेव्हा मी खाकी पिशवीचं तोंड दोनदा दुमडते,
वर पिन मारते,
मागे उभ्या गिऱ्हाइकाला दिसू नये म्हणून.
माझ्याकडचं सगळं गेलं,
हे एक त्यांच्याकडे नाही.
दोनदा दुमडलंय. पिन मारलीय.

पन्नास दिनार दिले नाहीत.
फोन वाजतोय.
लिजी कूस बदलते.
अनोळखी नंबर.